सरांच्या उंचीचं टेबल

४ जानेवारी

बुटके,

टक्, टक्, टक्, आणि मग फुस्स.

आज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत बसलो होतो आणि पन्नास वर्षांपूर्वीचा हा आवाज कानात आला. हल्ली बाहेरचं फारसं ऐकू येत नाही. आतलं मात्र सगळं स्वच्छ ऐकू येतं. तीन नंबरच्या थिएटरमधलं ऑपरेशनचं टेबल तेव्हा पायाने पंप मारून वर चढवावं लागे. टक् म्हणजे पायाचा एक दाब, आणि फुस्स म्हणजे वर पोचल्यावर त्याने सोडलेला निःश्वास. तो ऐकला की आम्ही सगळे चिडीचूप. सर हात धुऊन आत येत आणि पंप स्वतःच्याच पायाने मारत, त्याची ती वर्दी असायची.

तुझी आई परवा फोनवर ओरडून ओरडून काहीतरी सांगत होती. तिसऱ्या खेपेला कळलं, की तुला माझ्याच जुन्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तीन नंबरच मिळालं. ज्या फरशीवर मी अकरा वर्षं सरांचा मदतनीस म्हणून उभा राहिलो, आणि पुढे एकवीस वर्षं प्रमुख म्हणून, तिथे आता माझी भाची उभी राहणार.

सरांना तू पाहिलं नाहीस. तू पाळण्यात होतीस तेव्हाच ते गेले. सव्वासहा फूट उंच माणूस. टेबल त्यांच्या कोपराशी येईपर्यंत चढवलं, की माझ्यासारख्याच्या ते छातीशी यायचं. म्हणून माझ्यासाठी एक लाकडी पाट होता, वीतभर उंचीचा. तिथला रिवाज असा, की पाटावर उभा राहतो तो मदतनीस आणि फरशीवर उभा राहतो तो प्रमुख. तू माझ्याहून दोन बोटं बुटकी आहेस, तेव्हा कुणीतरी पाट पुढे करीलच. घेऊ नकोस. एकदा त्यावर चढलीस की जन्मभर मदतनीस राहशील.

शाळेत आमचे गुरुजी स्वतः कविता रचून फळ्यावर लिहायचे. त्यातल्या दोन ओळी मी टाके घालताना मनात म्हणत असे. एका गाठीला एक ओळ पुरायची.

उंच उभ्या रे दीपस्तंभा, वाट कुणाची पाहसी तू?
लाटा येती, लाटा जाती, ताठ परी हा राहसी तू.

गंमत म्हणजे हे म्हणणारा आज असा वाकलाय, की माणसं त्याला पायांपासून कळतात. मान टेबलावरच राहिली, मी तेवढा घरी आलो. दूधवाला म्हणजे निळ्या चपला. टपालवाला म्हणजे टाचेशी फाटलेला बूट. चेहरा बघायचा तर मला भिंतीला टेकून मागे रेलावं लागतं, आणि तेवढा वेळ कोण थांबतो?

पत्रच लिही. फोनवर मला तुझं निम्मं कळणार नाही आणि उरलेलं मी चुकीचं समजेन.

तुझा,
वाकडा मामा

१३ जानेवारी

मामा,

औषध कंपन्यांच्या गठ्ठ्यात तुझं हिरव्या शाईचं पाकीट निघालं. आमच्या थिएटरच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, प्रेमपत्र?" मी म्हटलं, "हो. अठ्ठ्याहत्तरचा आहे, मान कामातून गेली आहे, पण अक्षर बघा." त्या म्हणाल्या, "अक्षरावर भाळू नका, माझं वाटोळं तसंच झालं."

तुझं ते टक् टक् आता नाही. टेबल विजेवर चालतं. हातात रिमोट घ्यायचा, बटण दाबायचं, आवाजसुद्धा होत नाही. तरी एक गोष्ट विचारायची आहे. सकाळी मी आधी जाऊन टेबल माझ्या कोपराएवढं लावते. मग पाच मिनिटं हात धुते. परत येते तर ते वीतभर वर गेलेलं असतं. रोज. थिएटरचे काका शपथ घेऊन सांगतात, की त्यांनी हात लावलेला नाही. धुतलेले हात रिमोटला लावता येत नाहीत, आणि खाली घ्या असं म्हणवत नाही. मग काम सुरू झालं की नजर गाठीवरून हलत नाही, आणि तासाभराने बघावं तर माझी कोपरं खांद्यांशी गप्पा मारत असतात. वर डोळ्यांवर भिंगाचा चष्मा, त्याच्यात दिसायला मान अमुक एका कोनात खालीच हवी. चार चार तास. संध्याकाळी पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधोमध कुणीतरी अंगठा रोवून बसलंय असं वाटतं.

मोठ्याने बोलले नाही. नवीन आलेल्या बाईने पहिल्याच महिन्यात टेबलाच्या उंचीची तक्रार केली, तर चहाच्या खोलीत काय बोलतील ते तुला सांगायला नको. पाट म्हणशील, तर तो मी आधीच नाकारला. स्टीलचे दोन आहेत इथे. तुझीच भाची ना मी.

आणि ती दीपस्तंभाची कविता. मामा, तुझं पत्र उघडायच्या आधीच्या आठवड्यात, टाके घालताना, माझ्या डोक्यात "वाट कुणाची पाहसी तू" एवढंच घोळत होतं. कुठून आलं कळेना. गुरुजींनी स्वतः रचलेली म्हणतोस, मग मला कशी ठाऊक?

बुटकी

१९ जानेवारी

बुटके,

कवितेचं कोडं सोपं आहे. तू तीन वर्षांची असताना तुला खांद्यावर घेऊन मी तीच म्हणत असे. तुला झोप यायची आणि माझी कॉलर ओली व्हायची. कुठेतरी राहिली असेल.

टेबलाचंही कोडं नाही, माझंच कर्तृत्व आहे. मी प्रमुख झालो त्या दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "टेबल सरांच्याच उंचीवर राहील." टेबलाच्या खांबावर लाल रंगाची रेघ मारून घेतली. तेव्हाच्या काकांनी ते पुढच्यांना सांगितलं असणार, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. टेबल बदललं, माणसं बदलली, रेघ भंगारात गेली, आणि हुकूम तेवढा शिल्लक राहिला. खरं सांगतो, वाचून मला बरं वाटलं. आपलं काहीतरी मागे उरलं आहे, हे या वयात कोण कळवतं?

मी स्वतः त्या उंचीवर, पाट न घेता, एकवीस वर्षं उभा राहिलो. पहिली पाच वर्षं दुखतं. मग दुखणं आणि आपण यांतला फरक कळेनासा होतो. गरम पाण्याची पिशवी घे, रात्री उशी पातळ ठेव, आणि कुणापाशी बोलू नकोस. दुखणाऱ्या सर्जनकडे पेशंट देत नाहीत.

माझा तो पाट आता घरीच असतो. काका तो फोडून बंबात घालणार होते, मी काखोटीला मारून आणला. आत्ता माझे पाय त्याच्यावरच आहेत.

एक विचारू? तुझं अक्षर असं मागे का झुकतंय? पूर्वी मोत्याच्या माळेसारखं होतं.

मामा

२ फेब्रुवारी

मामा,

अक्षराचं विचारू नकोस, बसमध्ये लिहिते आहे.

काकांना विचारलं. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. त्यांना येऊन दीड वर्ष झालं, त्यांच्या आधीचे आजारी पडून गेले, दोघांची भेटच नाही. तुझ्या हुकमाबद्दल सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, तुमचे मामा होते हेच मला आज कळतंय."

पण त्याहून वेगळं झालं काल. मोठी केस होती, जबड्याखालची. तिसऱ्या तासाला पाठीतून असा कढ आला, की मी डोळे मिटून उभी राहिले. तेव्हा डाव्या बाजूला, मागे, लाकूड फरशीवरून ओढत आणल्याचा आवाज झाला. खर्र, थांबलं, पुन्हा खर्र. वाटलं सिस्टर काहीतरी सरकवताहेत. मग माझ्या पावलाला एक कड लागली. विचारसुद्धा केला नाही मी, चढले. आणि मामा, सगळं जागेवर आलं. कोपरं खाली आली, खांदे सुटले, भिजलेला कोट कुणी अंगावरून काढून घ्यावा तसं दुखणं गेलं. दोन तास मी अशी काम करत होते, की समोरचा मदतनीस हातातली गाठ विसरून बघत राहिला.

शेवटचा टाका झाल्यावर मी म्हटलं, "पाट कुणी दिला? आभार." सिस्टर म्हणाल्या, "कसला पाट?" मी खाली बोट दाखवलं. होता. लाकडी, जुना, वापरून गुळगुळीत झालेला, पुढचा डावा कोपरा जळून काळा पडलेला. सिस्टर पेशंटच्या नळ्या बघत होत्या, त्यांनी पाहिलाच नाही. मी बाहेर जाऊन नोंदी लिहून दहा मिनिटांत परत आले तेव्हा फरशी पुसून कोरडी होती. सामानाच्या खोलीत स्टीलचेच दोन.

निघताना सिस्टर हळूच म्हणाल्या, "मॅडम, मध्येच तुम्ही उंच झाल्यासारख्या दिसत होतात." हसून म्हणाल्या नाहीत.

थकवा असेल. भिंगाच्या चष्म्याने असलं काहीबाही होतं म्हणतात. तुला लिहावंसं वाटलं इतकंच.

बुटकी

९ फेब्रुवारी

बुटके,

तुझं पत्र पाय पाटावर ठेवून वाचत होतो. "जळून काळा पडलेला" इथे आलो आणि पाय आपोआप वर उचलले गेले.

पुढचा डावा कोपरा. सरांच्या हातातून एकदा रक्त थांबवायला जाळायचं यंत्र निसटलं आणि त्याचं टोक पाटावर पडलं होतं. ते मी तुला कधी सांगितलेलं नाही. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, कारण सरांच्या हातातून काही निसटत नसे, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो.

मला खाली वाकायला कष्ट पडत नाहीत, मी वाकलेलाच आहे. पाट इथेच आहे. काळा कोपराही जागेवर आहे. पण मधल्या फळीवर एक तपकिरी डाग होता, रुपयाएवढा. बोट लावलं तर ओलं. वास घेतला. आयोडीन. या घरात आयोडीनची बाटली अठरा वर्षांत आलेली नाही. रुमालाने पुसलं आणि रुमाल धुवायला टाकला नाही, खिशातच आहे, म्हणजे उद्या मला वाटू नये की म्हाताऱ्याने स्वप्न पाहिलं.

याचा अर्थ लावायच्या फंदात मी पडत नाही. त्यापेक्षा तुझ्या अक्षराचा लावतो, ते माझ्या आवाक्यातलं आहे. बसमध्ये अक्षर हलतं, बाळ. मागे झुकत नाही. असं मागे झुकणारं अक्षर मी एकाच माणसाचं पाहिलंय. शेवटच्या वर्षी सर पेन अंगठ्यात धरत नसत. पहिल्या आणि दुसऱ्या बोटांच्या बेचक्यात अडकवून लिहीत.

तुझा अंगठा कसा आहे?

मामा

१७ फेब्रुवारी

मामा,

तुला खोटं सांगता येत नाही, हे मी लहानपणीच शिकायला हवं होतं.

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. डिसेंबरात मुंग्या यायच्या, आता काही येत नाही. इथे आल्यापासून झपाट्याने वाढलं. मी अर्धा नंबर लहान हातमोजा घालते, म्हणजे घट्ट बसतो आणि काहीतरी धरल्यासारखं वाटतं. बटणांचे कपडे सोडले. कुलपाची किल्ली डाव्या हाताने फिरवते. दुसऱ्या गावी, जिथे मला कुणी ओळखत नाही, तिथे जाऊन मानेचा एमआरआय काढला. पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली चकती सरकून नसेवर बसली आहे. त्या डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, "शिवणकाम." म्हणाले, "सहा आठवडे बंद ठेवा, नाहीतर हात जाईल."

सहा आठवडे मागू कुणाकडे? जेमतेम दीड महिना झालाय मला इथे. आमच्या प्रमुखांची स्वतःची मान वळत नाही, ते अख्खे वळतात. त्यांना जाऊन सांगू, की सर, मला दुखतं?

आणखी एक. थिएटरच्या बाहेर जुन्या प्रमुखांचे फोटो आहेत ना? काल नीट पाहिले. सर, मग तू, मग तुझ्यानंतरचे तिघं. पाचही जणांचा डावा खांदा वर, हनुवटी उजवीकडे कललेली. एकाच साच्यातून काढल्यासारखे. मला हसू आलं. मग मी माझं ओळखपत्र उलटं करून बघितलं. तो फोटो इथे आल्याच्या दुसऱ्या आठवड्यातला आहे, मामा.

पाच मार्चला, गुरुवारी, एक केस आहे. गळ्यातली गाठ, आवाजाच्या नसेला अगदी चिकटलेली. बाई शाळेत मुलांना कविता शिकवतात. म्हणाल्या, "मी फळ्याकडे तोंड करून ओळ म्हटली तरी शेवटच्या बाकावर पोचते. तेवढा राहू दे आवाज, बाकी काही मागत नाही." ती नस सुतळीएवढीसुद्धा नसते, तुला माहीतच आहे. ती डोळ्यांना दिसते त्याआधी बोटांना कळायला लागते.

हे एवढं झालं की रजा घेईन. आईला सांगू नकोस. कुणालाच नको.

बुटकी

२२ फेब्रुवारी

बुटके,

जे मी एकोणचाळीस वर्षं कुणाला सांगितलं नाही ते आज सांगतो. रागावशील. रागाव.

सरांचा अंगठा गेला हे तिथे मला एकट्यालाच कळलं होतं. त्या पाटाचा एक फायदा होता. फरशीवरून मला सरांचा फक्त मास्क दिसायचा, पाटावर चढलो की आमचे डोळे समोरासमोर यायचे. त्यांनी चिमटा दोनदा चुकवला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. त्या दिवसापासून गाठी मी मारू लागलो. आठ महिने. बघणाऱ्याला वाटे हात सरांचेच चालताहेत. मी त्याला निष्ठा म्हणत होतो.

मग एक बाई आली. गल्लोगल्ली हिंडून भाजी विकायची. तिची हाक चार घरांपलीकडे जायची म्हणे. गळ्यात गाठ, नस चिकटलेली. तुझ्याच बाईसारखी. नस शोधायची वेळ आली आणि सरांची बोटं थांबली. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत काय होतं ते एखाद्या पोरालाही कळलं असतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, "सर, इथून पुढे मी करतो." पण त्याचा अर्थ सगळ्यांसमोर झाला असता, की तुमचा हात गेलाय. मी डोळे खाली घातले.

सरांनी कापलं.

ती बाई टाके काढायला आली. काहीतरी विचारायला तिने तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. तिने पुन्हा उघडलं. सर म्हणाले, "असं होतं कधी कधी." मीही म्हणालो, "होतं कधी कधी." दोन महिन्यांनी सरांनी वयाचं कारण देऊन काम सोडलं आणि त्यांची जागा मला मिळाली. नंतर चार वर्षं ते जिवंत होते, पायी दहा मिनिटांवर. मी एकदाही गेलो नाही.

टेबल त्यांच्या उंचीवर ठेवायचा हुकूम मी दिला, तो लोकांना आदर वाटला. मलाही तसाच वाटावा म्हणून मी फार कष्ट घेतले. आता कळतं, मी सरांना त्या उंचीवर डांबून ठेवलं. तिथून खाली उतरायची परवानगीच दिली नाही.

तुझं दुसरं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचतो. टेबल वर जातं ते माझ्या शब्दाने. पाट सरकवतंय ते दुसरंच कुणीतरी. मी जे बोललो नाही, ते कुणीतरी लाकूड ओढून बोलतंय.

दीपस्तंभ ताठ राहतो कारण तो दगडाचा असतो, हे गुरुजींनी सांगायला हवं होतं. टेबल खाली घे. पाट घे. आणि गुरुवारी उभीच राहू नकोस.

मामा

२७ फेब्रुवारी

मामा,

पत्र मिळालं.

हे तुम्ही मला आत्ता सांगता. जानेवारीत तुम्ही लिहिलं होतं, की पाट घेऊ नकोस, कुणापाशी बोलू नकोस. ते पत्रही मी जपून ठेवलंय. एकवीस वर्षं तुमच्या हाताखाली किती जण शिकले, त्यांतल्या कुणाला हे सांगितलंत?

पाट पुन्हा आला नाही. टेबलाचं कोडं मात्र सुटलं. सिस्टरना म्हटलं, "आज तरी बघून सांगा, कोण वर करतं." त्या म्हणाल्या, "मॅडम, रोज तुम्हीच करता. हात धुवायला जाण्याआधी मागे वळता आणि रिमोट दाबता. आम्हाला वाटलं, तुम्हाला तसंच हवंय." मला यातलं काहीही आठवत नाही.

काल त्या बाई भरती झाल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुम्हीच करा." उजवा हात घेतला होता. त्यांची बोटं मला कळली नाहीत.

ऑपरेशन गुरुवारी साडेनऊला आहे. मी करणार आहे. उत्तर पाठवू नका.

५ मार्च, गुरुवार, सकाळ

बुटके,

उत्तर पाठवू नका म्हणालीस, म्हणून हे टपालात टाकणार नाही. पण लिहिल्यावाचून बसवत नाही. 'मामा, तू' चं 'तुम्ही' केलंस, ते बरोबर केलंस. एका पत्रात मी परका झालो. ते दुखणं मानेच्या दुखण्यात मिसळत नाही, वेगळंच उभं राहतं.

तुमच्या प्रमुखांना सोमवारी पत्र लिहिलं. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं. आत्ताही समोर आहे. टपालवाल्याचा फाटका बूट रोज येतो आणि जातो, आणि मी त्या बुटाकडे बघत राहतो. म्हणजे पुन्हा मी डोळे खालीच घातले. या वेळी वाकलेल्या मानेला दोष देण्याची सोय आहे, इतकंच.

आज नऊला मात्र फोन उचलला. तीन नंबरच्या थिएटरचा नंबर अजून तोच आहे, बोटांना पाठ होता. पलीकडे कुणीतरी उचलला. मी म्हटलं, "हॅलो." उत्तर नाही. की मला ऐकू आलं नाही? मी बोलत सुटलो. म्हटलं, तुमच्या मॅडमचा उजवा अंगठा गेलेला आहे, त्यांना आज उभं राहू देऊ नका. म्हटलं, मी त्यांचा मामा, मी तिथेच असताना असंच झालं होतं, सरांचा हात गेला होता, मला ठाऊक होतं, मी बोललो नाही, एका बाईचा आवाज गेला, तो माझ्यामुळे गेला. सगळं म्हटलं. एवढ्या मोठ्याने, की शेजारची खिडकी बंद झाली.

मग ऐकलं. एरवी फोनवर मला काही धड कळत नाही, पण हे कळलं. टक्, टक्, टक्. पायाचा पंप. अगदी सावकाश. आणि शेवटी फुस्स, पण चढल्यावरचा नव्हे. टेबल खाली उतरतं तेव्हाचा. तो लांब असतो. अठरा वर्षांत, किंवा त्याआधीच्या एकवीसमध्ये, मी तो कधी ऐकला नव्हता. मग फोन ठेवल्याचा आवाज.

तुमच्याकडे टेबल विजेवर आहे. आवाजसुद्धा होत नाही, असं तूच लिहिलंस.

माझं बोलणं कुणी ऐकलं ते मला माहीत नाही. साडेदहा वाजलेत. तू आत्ता नस शोधत असशील. मी इथे पाटावर पाय ठेवून तुझ्या बाईंसाठी दीपस्तंभाची कविता म्हणून पाहिली. पहिली ओळ आली. दुसरी म्हणवली नाही.

पाट आज सकाळी पुन्हा ओला आहे.

थांब. दार वाजलं.

या वेळी कोणी येत नाही. दूध झालं, टपाल दुपारी. मी बसल्या जागेवरून दाराकडे बघतोय. म्हणजे दाराच्या खालच्या फटीकडे, मला तेवढंच दिसतं. पांढरे कापडी बूट. लहान. डाव्याची नाडी सुटून लोंबते आहे, उजव्याची गाठच नाही, नुसती खोचलेली. ज्याला अंगठा नाही तो अशी खोचतो.

"मामा, दार उघड. मी सगळ्यांना सांगितलं. काल संध्याकाळीच सांगितलं. ऑपरेशन दुसऱ्या सरांना दिलंय, त्या बाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. रात्रीची बस धरून आले. ऐकतोयस का? दार उघड ना रे."

ऐकतोय, बाळ. उठतोच आहे. हे काय, 'तू' म्हणालीस.

पण जरा थांब. तू एकटीच आलीस ना? कारण तुझ्या बुटांच्या मागे, उंबऱ्यापासून पावलावर, आणखी दोन बूट आहेत. काळे, चामड्याचे, माझ्या वीतभरापेक्षा लांब. उजव्याचा तळ पुढून झिजलेला. पंप मारून मारून झिजतो तसा. ते हलत नाहीत. तुला माहीत आहे असंही वाटत नाही.

मी भीत नाही, बुटके. इतकंच करतो, की दार उघडण्याआधी पाट उचलून दाराशी नेऊन ठेवतो. वाकलेल्या मानेने मला ते बूटच दिसतील, फार तर गुडघे. पाटावर चढलो, भिंतीला रेललो, की डोळे समोरासमोर येतील. या वेळी मी खाली बघणार नाही.

पुन्हा वाजलं. आलो.